पाठुंगळीची विद्या

मराठीतील 'पाठुंगळी' या शब्दात मूल आहे, वाहणाऱ्याची पाठ आहे. साधन मात्र नाही. ते साधन कसे आले, हा इतिहास आम्हांस उद्बोधक वाटतो.

१९६०च्या दशकारंभी ॲन मूर या अमेरिकन परिचारिका पीस कोअरतर्फे पश्चिम आफ्रिकेतील टोगो येथे होत्या. तेथील माता तान्ह्यांना कापडाने पाठीशी बांधून कामे करीत. मायदेशी परतल्यावर मूर यांनी आपल्या मुलीस तसेच बांधून पाहिले. पण ती घसरू लागली. तेव्हा त्यांच्या आईने, ल्यूसी ऑकरमन यांनी, पट्ट्यांची पिशवी शिवून दिली. १९६९ मध्ये तिला पेटंट मिळाले आणि 'स्नगली' या नावाने ती प्रसिद्ध झाली.

मूल घसरले, कारण कापडाबरोबर ते बांधणाऱ्या हातांची विद्या आली नव्हती. पिशवीने ती पट्ट्यांत साठवली. पुढे रूढ झालेल्या धातूच्या सांगाड्याच्या कॅरियरमध्ये ती सूचनांच्या रूपाने उरली : मान सावरून बसू लागलेल्या, म्हणजे साधारणतः सहा महिन्यांपुढील मुलालाच बसवावे; त्याचे खांदेपट्टे आधी आवळावेत; वाहणाऱ्याचा कमरपट्टा कटीच्या हाडांवर यावा, म्हणजे भार खांद्यांवर पडत नाही; खाली होताना कंबरेत न वाकता गुडघे वाकवावेत, नाहीतर मूल डोक्यावरून पुढे कोसळेल.

या सूचना रुक्ष वाटतात. आम्ही मात्र त्या एका मौखिक परंपरेची लिखित संहिता म्हणून वाचतो. फरक इतकाच, की येथे पाठभेद चालत नाही.