बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा हे गाव बालाजीच्या देवालयामुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. आश्विनात तेथे मोठी यात्रा भरते. पाय क्षेत्री पोचले म्हणजे मनही पोचतेच असे नाही, हे आपल्या संतांनी यात्रेकरूस वारंवार बजाविले आहे. हाच प्रश्न ख्रिस्ती धर्मात प्रवेश केलेल्या एका महाराष्ट्रीय विदुषीने स्वतःस विचारिला, आणि उत्तर देताना स्वतःची गय केली नाही. ती विदुषी म्हणजे पंडिता रमाबाई होय.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. पिता अनंतशास्त्री डोंगरे सहकुटुंब तीर्थे हिंडत व पुराणे सांगत. दुष्काळाच्या दिवसांत आईबाप गेले. पुढे १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८३ च्या २९ सप्टेंबरास इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी कन्या मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. तो आंधळेपणाने घेतलेला नव्हता. त्रैक्यादी सिद्धांतांविषयी तेथील जोगिणींशी त्यांनी पत्रांतून कडक वाद केला. १८८९ साली मुंबईस 'शारदासदन' उघडून विधवांच्या शिक्षणास त्यांनी वाहून घेतले. विद्या, श्रद्धा व सेवा या तिन्ही गोष्टी जेथे एकवटल्या, तेथे उणीव कसली असणार, असे कोणासही वाटले असते.

परंतु १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. हॅस्लम कित्येक वर्षे उपदेश करीत होता. आपल्या स्वतःच्या अंतःकरणात पालट झालेला नाही, हे त्यास १८५१ साली व्यासपीठावर प्रवचन करीत असतानाच उमगले. ते वाचून रमाबाईंनी आपल्या आठ वर्षांचा हिशेब मांडला. आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला, परंतु त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो मिळालेला नाही, असा निर्णय त्यांनी स्वतःविरुद्ध दिला. आणि पुढे १९०७ साली आपल्या साक्षीच्या पुस्तकात तो उघडपणे लिहून ठेविला.

हा निर्णय देणे का कठीण, हे समजून घेतले पाहिजे. दुर्जनास आपला दोष कधीतरी टोचतो. सत्कर्म करणाऱ्यास त्याचे सत्कर्मच झाकून टाकिते. विद्वानास सिद्धांत कळला की अनुभवही आला असा भास होतो. धर्मांतर करणाऱ्यापुढे तर आणखी एक मोह असतो. स्वजनांचा विरोध सोसला की आपण सत्याच्या बाजूस आहो असे सहजच वाटू लागते. घर, जात, कीर्ती यांवर पाणी सोडले, एवढ्यावरून देव मिळाला असे ठरत नाही. या तिन्ही आवरणांआड राहणे रमाबाईंस सोपे होते.

याच कसोटीस रेव्हरंड नारायण वामन टिळक दुसऱ्या मार्गाने उतरले. १८९५ साली बाप्तिस्मा घेऊन त्यांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये दीर्घकाळ सेवा केली. परंतु १९१७ साली, पन्नाशी उलटल्यावर, मिशनच्या आश्रयातून ते बाहेर पडले व 'देवाचा दरबार' स्थापून संन्यस्त वृत्तीने राहू लागले. स्थिर वेतन व मान्यता यांत पापाचा लेश नव्हता, तरीही त्यांत स्वस्थ बसणे त्यांस मानवले नाही.

१८९१ चा अनुभव हीच अखेर, असे रमाबाईंनीही मानिले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळातील शेकडो अनाथ मुलींना त्यांनी आश्रय दिला व केडगावास 'मुक्ति' उभी राहिली. उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबलाचे मराठी भाषांतर हाती घेतले. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द साध्या बायकांस कळत नाहीत, हे त्यांस खुपत होते. ज्या संस्कृतच्या बळावर 'सरस्वती' ही पदवी मिळाली, तिचा डौल बाजूस ठेवून त्या सोपे शब्द शोधीत बसल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. दळणकांडण करणाऱ्या बाईस वाक्य कळते की नाही, हे पाहणाऱ्यास आपल्या पांडित्यावर संतुष्ट राहण्यास सवड उरत नाही.