वाटेची लांबी आणि कुत्र्याचे म्हातारपण
बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील जांबोटीच्या आसमंतात पडणारे पाऊसपाणी दोन समुद्रांत वाटले जाते : गावाच्या पश्चिमेस सुमारे १६ किलोमीटरवरील कणकुंबी येथे उगम पावणारी मलप्रभा पूर्वेस वाहत जाऊन कूडलसंगम येथे कृष्णेस मिळते, तर भीमगडच्या रानातून निघणारी म्हादई गोव्यात उतरून अरबी समुद्र गाठते. या नद्यांना मिळणारे ओहोळ आणि नाले यांच्या काठाकाठाने येथील पायवाटा पडल्या, कारण गुरांना रोज पाण्यावर न्यावेच लागते. या वाटांवर माणसासोबत कुत्राही चालत आला. मात्र तो म्हातारा झाल्यावर त्याचे काय होई, हा प्रश्न इतिहासलेखनात क्वचितच विचारला गेला आहे.

या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ अंशी वाटेच्या लांबीवर अवलंबून होते, असे अनुमान काढता येते. सह्याद्रीच्या माथ्यावरील गवळी-धनगर, म्हणजे मेंढ्यांऐवजी मुख्यतः म्हशी पाळून दूध-लोण्यावर गुजराण करणारा पशुपालक समाज, लांब पल्ल्याची भटकंती करीत नसे; या समाजाचे परिस्थितिविज्ञान माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८० च्या दशकात तपशिलाने मांडले आहे. म्हशी सकाळी रानात जाऊन सायंकाळी वाड्यावर परतत असल्याने ज्या कुत्र्याला कळपामागे जाणे झेपत नसे, त्याला वाड्यावरच राखण करता येई. बिबट्याचा वावर असलेल्या रानात पायांनी थकलेला, पण वास आणि चाहूल ओळखणारा कुत्राही उपयोगी असे. याउलट बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देश आणि किनारपट्टी यांच्या दरम्यान फिरणाऱ्या लमाणांच्या तांड्याला, किंवा पावसाप्रमाणे मुलूख बदलणाऱ्या मेंढपाळांना, मुक्काम गाठणे भाग असल्याने मागे पडणाऱ्या जनावरासाठी थांबणे सहज परवडणारे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोंढामार्गे मुरगाव बंदरापर्यंत लोहमार्ग पोहोचल्यावर घाटातील बैलवाहतूक ओसरली, आणि तिच्याबरोबर तांड्याच्या कुत्र्यांची लांब चालही संपली.

लेखी साधनांत मात्र दिसतो तो तरुण आणि झुंजार कुत्रा. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘सारमेयविनोद’, म्हणजे शिकारी कुत्र्यांचा खेळ, असे स्वतंत्र प्रकरण आहे. त्याही आधी, इ. स. ९४९-५० च्या सुमारास, आजच्या मंड्या जिल्ह्यातील आतकूर येथे काळी नावाच्या कुत्रीचा वीरगळ, म्हणजे झुंजीत मेलेल्या वीराचा स्मृतिदगड, उभारला गेला. गंग राजा दुसरा बूतुग याने मनलेर या आपल्या सरदाराला ती त्याच्या मागणीवरून दिली होती. रानडुकराशी झुंजताना ती आणि डुक्कर दोघेही मेले, आणि तिच्या दगडाच्या पूजेसाठी जमीनही लावून देण्यात आली. म्हणजे कुत्र्याला दगड मिळाला तो मरणाच्या पराक्रमामुळे. जे कुत्रे वर्षानुवर्षे ओहोळ ओलांडून घरी येत राहिले, त्यांच्या वाट्याला असे स्मारक आले नाही.

श्रद्धेच्या परंपरेने वेगळी बाजू जपली. खंडोबाचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात आणि कोटंबा या पात्रात भिक्षा घेतात. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात तर धर्मराज शेवटपर्यंत सोबत चाललेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्यास नकार देतो. म्हाताऱ्या आणि निराधार जनावरांची संस्थात्मक सोय झाली ती मात्र प्रथम शहरात : १८३२ मध्ये मुंबईत सरकारी हुकमाने रस्त्यावरची कुत्री मारली जाऊ लागली तेव्हा पारशी समाजाने उठाव केला, आणि त्यानंतर १८३४ मध्ये तेथे पांजरपोळ, म्हणजे कामातून गेलेल्या जनावरांचा धर्मार्थ आश्रय, सुरू झाला.

कुत्र्याला निव्वळ त्याच्यासाठी फिरायला नेण्याची रीत या भागात त्या मानाने नवी आहे. म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे सांधे आखडतात, डोळ्यांत पांढुरकी झाक येते आणि ओहोळाच्या शेवाळी दगडावर तो पुढचा पाय टेकवून तोल येईपर्यंत थांबतो. म्हणून त्याच्यासाठी वाट सपाट, फेरी आखूड आणि पाणी उथळ लागते, आणि घरी परतल्यावर बोटांच्या बेचक्या व कानांमागची जागा गोचिडांसाठी तपासावी लागते. पावसाळ्यात जळवा आणि फुगलेले नाले यांमुळे ही फेरी गावाच्या पाणंदीपुरतीच उरते. शिवाय २०११ मध्ये सुमारे १९० चौरस किलोमीटर क्षेत्र भीमगड अभयारण्य म्हणून घोषित झाले असून, पाळीव कुत्र्यांमार्फत रेबीज किंवा डिस्टेंपर हे रोग कोळसुंद्यांसारख्या रानटी श्वापदांत पसरण्याचा धोका असल्याने कुत्र्यासह गाभ्यातील रानात शिरणे योग्य ठरत नाही.

या साऱ्या टप्प्यांतून एक बदल स्पष्ट होतो. पूर्वी चालीची लांबी म्हशींचा चारा, बैलांवरील ओझे किंवा राजाची शिकार ठरवीत असे आणि कुत्र्याला तिच्याशी जुळवून घ्यावे लागे. आता प्रथमच ती लांबी कुत्र्याच्या पायांवरून ठरते आणि माणूस आपला वेग त्यानुसार कमी करतो.