पीसीओएस : संशय पिशवीवर, धोका रक्तवाहिन्यांत

धर्मापुरी असो, परळी असो की अंबाजोगाई. पाळी दोन-तीन महिने आली नाही की घरात पहिला संशय येतो तो ‘पिशवी’वर. यात तुमची चूक नाही. डॉक्टरही बरीच वर्षं तिथंच बघत होते.

१९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी सात स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. पाळी अनियमित, अंडाशयं मोठी, त्यांवर बारीक गाठी. दोन्ही अंडाशयांचा काही भाग कापून काढल्यावर सातही जणींची पाळी सुरू झाली, दोघींना दिवस गेले. मग हा आजार अंडाशयाचाच, असं पक्कं झालं.

१९८० साली वेगळी गोष्ट समोर आली. या स्त्रियांच्या रक्तात इन्सुलिन जास्त होतं. साखर, चरबी आणि रक्तदाब वाढण्याची वाट इथूनच सुरू होते. शिवाय आपल्या शरीरात रक्ताच्या बारीक गुठळ्या होतात आणि विरघळतातही. त्या विरघळू न देणारं ‘पीएआय-१’ हे प्रथिन पीसीओएसमध्ये बरेचदा वाढलेलं आढळतं. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी पीसीओएस हा हृदयविकाराचा एक जोखीम घटक मानावा, असं सांगितलं. तरुण वयात हा धोका कमीच असतो, म्हणून घाबरू नका. पण दुर्लक्षही करू नका.

पाळी नियमित करणाऱ्या गोळ्यांचाही इतिहास आहे. १९६१ साली ब्रिटनमध्ये अशी गोळी घेणाऱ्या एका स्त्रीच्या फुप्फुसात गुठळी अडकल्याची नोंद झाली. पुढे गोळ्यांतलं इस्ट्रोजेन कमी केलं गेलं. आज बहुतेकींना त्या सुरक्षित आहेत. पण मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून दुकानातून आणू नका. रक्तदाब, तंबाखू-मिश्री, अर्धशिशी, घरात कुणाला झालेली गुठळी हे आधी डॉक्टरांना सांगा.

आता आपल्या बीड जिल्ह्याचं. २०१९ मध्ये सरकारी समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. अंगावरून जाणं, पोटदुखी, खाडा पडला की कापली जाणारी मजुरी, अशी कारणं होती. ती ऑपरेशनं पीसीओएससाठी नव्हती. पण ‘पिशवी काढली की त्रास संपला’ ही समजूत तीच. पिशवी काढल्यानं इन्सुलिन कमी होत नाही. सोबत अंडाशयंही कमी वयात काढली, तर हृदयविकाराचा धोका उलट वाढतो.

म्हणून पीसीओएस असेल तर रक्तदाब, साखर, चरबी आणि कमरेचा घेर वेळोवेळी तपासून घ्या. रोज चाला, मिश्री सोडा. एकच पाय सुजून दुखू लागला, अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं, तर सकाळची वाट बघू नका. लगेच दवाखाना गाठा.

आणि कुणी पिशवी काढायला सांगितली, तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.