जामीन आणि जमीन

फौजदारी न्यायालयाची पायरी पहिल्यांदा चढणाऱ्यालाही तिथले शब्द ओळखीचे वाटतात. वकील, कैद, तारीख, जामीन हे सारे अरबी-फारसीतून आले आणि मराठीच होऊन गेले. यांतल्या 'जामीन' या शब्दाचा मूळ अरबी अर्थ हमी घेणारा माणूस. 'हा तारखेला हजर राहील' असे जो भाऊ किंवा शेजारी सांगतो, तो जामीन. पुढे न्यायालये माणसापेक्षा त्याची मालमत्ता पाहू लागली. जामीन मागता मागता जमीन मागितली गेली आणि ज्याच्याकडे सातबारा नव्हता, तो आतच राहिला.

1978 मधले मोतीराम प्रकरण पाहा. मोतीराम मध्य प्रदेशातला गवंडी. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला. खालच्या न्यायालयाने 10,000 रुपयांचा जामीनदार मागितला. भाऊ पुढे आला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी 1,000 रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याची सुटका केली.

पुढच्याच वर्षी याहून मोठी गोष्ट उजेडात आली. राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य के. एफ. रुस्तमजी यांनी बिहारमधील तुरुंग पाहिले आणि जानेवारी 1979 मध्ये 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये त्यावर लिहिले. हे रुस्तमजी आपल्या नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले. लेख वाचून पुष्पा कपिला हिंगोरानी यांनी याचिका दाखल केली. ती कैद्यांपैकी एका स्त्रीच्या नावाने ओळखली जाते : हुसैनारा खातून.

न्यायालयापुढे आले ते सुन्न करणारे होते. खटला सुरूही न होता कोणी पाच, कोणी सात, कोणी नऊ वर्षे कोठडीत होते. काहींनी, गुन्हा सिद्ध झाला असता तर मिळाली असती त्याहून जास्त कैद आधीच भोगली होती. काही स्त्रियांवर तर आरोपच नव्हता. त्या पीडित किंवा साक्षीदार होत्या, आणि 'संरक्षणा'च्या नावाखाली गजाआड होत्या.

न्यायमूर्ती भगवती यांच्या पीठाने सांगितले की, जलद खटला आणि गरिबाला मोफत वकील हा कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पैसा नाही, ही सरकारची सबब चालणार नाही. आरोपीचे घर, कुटुंब, कामधंदा गावात रुजलेला असेल, तर त्याला जातमुचलक्यावर सोडता येते. म्हणजे 'जामीन' पुन्हा माणसाकडे वळला. या प्रकरणातून सुमारे 40,000 कच्चे कैदी सुटल्याचे सांगितले जाते.

या विलंबाचा खर्च कोणाच्या माथी पडतो? कैद्याचे अन्न, पहारा, न्यायालयात ने-आण करणारे पोलीस हे सारे सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-आमच्या खिशातून जाते. पहाऱ्याला पोलीस मिळाले नाहीत की तारीख पुढे ढकलली जाते आणि साक्षीदाराचा रोज बुडतो. घरी मात्र मिळवता हात जातो, मुलाची शाळा सुटते, मुलीचे लग्न अडते. या खर्चाची नोंद कोणत्याच अंदाजपत्रकात होत नाही.

2006 च्या मालेगाव बॉम्बस्फोट प्रकरणात अटक झालेल्या मुस्लिम तरुणांपैकी बहुतेक 2011 मध्ये जामिनावर बाहेर आले. 2016 मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. गेलेली वर्षे परत देण्याची सोय कोणत्याही निकालात नसते. आणि ज्यांनी त्या स्फोटांत माणसे गमावली, त्यांनाही न्याय त्यामुळे मिळाला नाही. चुकीचा माणूस आत असतो, तेव्हा खरा गुन्हेगार बाहेर असतो.

कायदा थोडा पुढे सरकला. कमाल शिक्षेचा निम्मा काळ काढलेल्या कच्च्या कैद्याला सोडण्याची तरतूद 2006 पासून लागू झाली. 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या संहितेत पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्यासाठी ती एक तृतीयांशावर आली. गंभीर गुन्ह्यांना अपवाद आहेतच. तरीही 2022 अखेर देशातील 5,73,220 कैद्यांपैकी 4,34,302 कच्चे होते. म्हणजे चारांतले तीन.

हुसैनारा खातून हे नाव कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत आहे. आपल्या घरांत ते ठाऊक नाही. कोठडीतल्या कोणालाही आणि प्रत्येक स्त्रीला, उत्पन्न न पाहता, सरकारी खर्चाने वकील मागता येतो. 1987 च्या कायद्याने हा हक्क दिला आहे. आपल्या मोहल्ल्यातल्या किती जणांना हे माहीत आहे? ते सांगायला आपल्यापैकी कोणी पुढे आला, तर तोही, शब्दाच्या मूळ अर्थाने, जामीनच.