वाट पाहीन, पण स्कूटरच घेईन

नवीन वस्तू घरात आली की घरातल्या माणसांचे दोन तट पडतात. पहिला तट खोक्याची दोरी कापायला कात्री शोधू लागतो. दुसरा तट म्हणतो, ‘कापू नका, गाठ सोडवा, दोरी पुन्हा उपयोगी पडेल.’ मी जन्मापासून दुसऱ्या तटात आहे. आमच्या तटाचा नव्या वस्तूंना विरोध असतो असा एक गैरसमज आहे. तसं काही नाही. आमचं म्हणणं एवढंच, की वस्तूने आधी शेजाऱ्याकडे दोन-चार वर्षं काढावीत, वळण लागू द्यावं आणि मग आमच्याकडे यावं.

अशा स्वभावाच्या माणसाने खरं म्हणजे एखाद्या शांत तीर्थक्षेत्री राहावं. पण नशिबाने मला निगडीच्या प्राधिकरणात आणून टाकलं. मधुमेही माणसाला हलवायाच्या दुकानावरची खोली भाड्याने मिळावी, तसाच हा प्रकार. कारण नवीन वस्तू इतर गावांत येतात. आमच्याकडे त्या होतात. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि ज्या गावांत काढा उकळत होता त्या गावांच्या शिवारात पेनिसिलीन तयार होऊ लागलं. १९६२ साली एमआयडीसी आली. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी अशा चार गावांची एक नगरपालिका झाली, १९८२ साली तिची महानगरपालिका झाली. बाकीचं जग रविवारी सुट्टी घेतं. आमच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. बाहेरगावच्या पाहुण्याला हे समजावून सांगण्यात आमच्या दोन पिढ्या खर्ची पडल्या आहेत.

या पट्ट्यात जन्मलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये मध्यमवर्गाच्या काळजाला हात घातला तो स्कूटरने. तोपर्यंत पुणं काय, चिंचवड काय, सगळा कारभार सायकलीवर चालत असे. सायकलीला पेट्रोल लागत नाही, लायसन लागत नाही आणि चढ आला तर उतरून तिच्याशी गप्पा मारत चालता येतं. अशी गुणी वस्तू असताना लोकांना स्कूटर कशाला हवी, हा प्रश्न आमच्या तटाने तेव्हा विचारला होता. उत्तर द्यायला कोणी थांबलं नाही. सगळे नंबर लावायला गेले होते.

पण स्कूटरचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा मला एक सुखद धक्का बसला. ही वस्तू मुळात आमच्याच तटाच्या माणसाने केली आहे! दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या पियाज्जो कंपनीचा पोंतेदेरा इथला विमानांचा कारखाना बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. लढाई हरलेल्या देशात विमानं कोणाला हवी होती? लोकांना स्वस्त वाहन हवं होतं. हे काम कोरादिनो दास्कानियो नावाच्या इंजिनियरकडे आलं. हा गृहस्थ हेलिकॉप्टरं बनवणारा. १९३० साली त्याच्या हेलिकॉप्टरने विक्रम केले होते. आणि त्याला मोटारसायकल या वस्तूचा मनापासून तिटकारा होता. बसायला त्रास, कपड्यांना तेल, पंक्चर झालं की चाक काढताना ब्रह्मांड आठवणार, अशी त्याची तक्रार. तेव्हा त्याने काय केलं? तक्रारींची यादी केली आणि एकेक तक्रार मिटवली. इंजिन पत्र्याखाली झाकलं, म्हणजे विजार काळी व्हायला नको. पुढे पाय ठेवायला मोकळी जागा ठेवली, म्हणजे टांग टाकायला नको. गिअर हँडलवर आणला. पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं, म्हणजे काढायला सोपं. १९४६ साली ही गाडी बाहेर आली. तिचं नाव ‘व्हेस्पा’, म्हणजे गांधीलमाशी.

म्हणजे बघा, मोटारसायकलीच्या भक्ताला हे सुचलं नसतं. भक्ताला देवाच्या मूर्तीत दोष दिसत नाहीत. ज्याला ती वस्तू वापरायचीच नव्हती, त्यालाच ती कशी असायला हवी हे कळलं. इटलीतल्या बाईच्या झग्यासाठी ठेवलेली ती मोकळी जागा पुढे आमच्याकडच्या धोतराला, गॅसच्या सिलिंडरला आणि उभ्या राहिलेल्या धाकट्या चिरंजीवांना तंतोतंत बसली. दास्कानियोच्या कल्पनेत सिलिंडर नसावा. पण चांगल्या यंत्रात आपल्या अडचणीपुरती जागा आपोआप निघते.

१९६० साली बजाज ऑटोचा पियाज्जोशी करार झाला आणि त्या दशकात आकुर्डीहून स्कूटरी बाहेर पडू लागल्या. १९७१ साली करार संपला. १९७२ साली तीच गांधीलमाशी नवं नाव घेऊन अवतरली: ‘चेतक’. राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव. नाव ठेवणाऱ्याला शंभर मार्क दिले पाहिजेत. कचेरीत नऊ वाजून पाच मिनिटांनी पोचल्याबद्दल बोलणी खाणारा कारकून, तो सुद्धा चेतकवर बसला की हळदीघाटातून आल्यासारखा दिसे. मात्र एक फरक होता. राणा प्रतापांना आपला घोडा मिळवायला नंबर लावावा लागला नव्हता.

आज ज्यांना मागवलेली वस्तू संध्याकाळपर्यंत दारात आली नाही तर चैन पडत नाही, त्यांना हा नंबर काय प्रकार होता हे सांगून खरं वाटणार नाही. १९६० सालीच सरकारने स्कूटरच्या वाटपावर नियंत्रण आणणारा हुकूम काढला होता. किती गाड्या बनवायच्या ते सरकार ठरवणार, किती रुपयांना विकायच्या तेही सरकार ठरवणार, आणि किती वर्षांनी मिळायच्या ते मात्र कोणीच ठरवणार नाही. कारखाना हातावर हात ठेवून बसला होता असंही नाही. १९७० साली त्याने लाखावं वाहन बाहेर काढलं, पुढे १९७७ साली एका वर्षात लाख गाड्या विकल्या. साताऱ्यात सरकारी महामंडळाच्या भागीदारीत १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स उभी राहिली, तिथून ‘प्रिया’ येऊ लागली. तरी रांग संपेना. दहा-दहा वर्षं लोक थांबले. मुलगा झाला की पेढे वाटून येताना बाप नंबर लावून येई. मुंजीपर्यंत गाडी येईल असा हिशेब. एस.टी.च्या बाबतीत ‘वाट पाहीन, पण एस.टी.नेच जाईन’ असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. स्कूटरच्या बाबतीत तसं म्हणण्याची गरज नव्हती. वाट पाहण्यावाचून दुसरा मार्गच नव्हता.

ही वाट पाहणं आज मजेचं वाटतं, पण त्यात सगळी मजा नव्हती. ज्याचा भाऊ परदेशात होता, त्याने डॉलर धाडले की गाडी नंबर सोडून आधी मिळे. ज्याच्याकडे काळा पैसा होता त्याला काळ्या बाजारात मिळे. हातची जुनी स्कूटर कारखान्यातल्या नव्यापेक्षा जास्त किमतीला जाई, हा अर्थशास्त्रातला चमत्कार आपण डोळ्यांनी पाहिला. लग्नाच्या याद्यांत ‘एक स्कूटर’ असं कलम येई आणि ते वाचून कितीतरी मुलींच्या बापांचे हात थरथरत. शिवाय ज्या गावात ही गाडी तयार होई, त्याच गावात ती तयार करणारा कामगार शिफ्ट सुटल्यावर सायकलस्टँडवर आपली सायकल शोधत असे. दिवसभर हाताखालून किती स्कूटरी गेल्या हे त्याला माहीत; त्यातली एक आपल्या दारात कधी येईल ते माहीत नाही.

आणि गाडी आली की? त्या काळातल्या दोनटोकी, म्हणजे टू-स्ट्रोक स्कूटरी हे नुसतं वाहन नव्हतं, ते एक शिक्षण होतं. पेट्रोलमध्ये ऑइल मोजून घालायचं. सकाळी चोक ओढायचा. पाच किका मारून सुरू झाली नाही तर तिला एका बाजूला कलती करायची, क्षणभर थांबायचं, पुन्हा सरळ करायची. हा शास्त्रीय उपाय की देवाला नमस्कार, यावर मतभेद होते. पण गाडी सुरू होई. नाही झाली तर प्लग काढून, जुन्या पॉलिश पेपरने घासून, फुंकर मारून पुन्हा बसवायचा. गुरुवारी दुपारी प्राधिकरणात चक्कर मारली तर दर चौथ्या दारात एक गृहस्थ बनियनवर उकिडवा बसून हेच करताना दिसे. माझ्यासारख्या नाखूष माणसाला सुद्धा इंजिनाच्या पोटात काय आहे ते पाठ झालं होतं. संशय हा फार चांगला शिक्षक असतो. ज्या वस्तूवर आपला विश्वास नाही, तिची माहिती आपण कसून काढतो.

मग १९८४ साली कायनेटिक होंडा आली. बटण दाबलं की सुरू, गिअरची भानगड नाही. आमच्या तटाने अर्थातच नाक मुरडलं. किक नाही ती काय स्कूटर? पण या वेळी घरातूनच उत्तर आलं. आमची ही म्हणाली, “तुमच्या त्या किकमध्ये एवढा पुरुषार्थ असेल तर तो तुमच्याजवळ ठेवा. मला भाजी आणायला पुरुषार्थ लागत नाही.” यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. साडी सावरून किक मारणं किती कठीण आहे याचा विचार करायला ज्यांना वेळ झाला नव्हता, त्यांना एका बटणाने तो करायला लावला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बँकेत, शाळेत, दवाखान्यात कामाला जाणाऱ्या बायका कोणाच्या मागे न बसता स्वतः जाऊ लागल्या, त्यात या बटणाचा वाटा मोठा आहे. नाखुशी कितीही जुनी असली, तरी असल्या बटणापुढे तिने अदबीने बाजूला व्हावं.

दरम्यान कारखाने चाकणकडे सरकत होते. चाकण हे गाव मला स्वभावाने जवळचं वाटतं. १६६० साली शाइस्तेखान प्रचंड फौज घेऊन आला, तेव्हा फिरंगोजी नरसाळ्यांनी तिथला छोटासा संग्रामदुर्ग पन्नासहून अधिक दिवस लढवला. नव्या पाहुण्याला चटकन आत घ्यायचं नाही, हा बाणा त्या मातीतलाच. पण १९९९ साली बजाजचा कारखाना तिथे सुरू झाला, २००१ साली ‘पल्सर’ निघाली, २००९ साली फोक्सवॅगन आली. कांद्याच्या बाजाराचं गाव गाड्यांचा बाजार झालं. तळेगाव चौकातल्या कोंडीत उभं राहिलं की वाटतं, आज खान आला असता तर त्याला किल्ल्यापर्यंत पोचायलाच पन्नास दिवस लागले असते.

आणि इकडे आकुर्डी शांत झाली. २००७ साली तिथलं उत्पादन थांबलं. अडीच हजारांवर कामगारांच्या हातचं काम गेलं. नवीन वस्तूचं कौतुक करताना आपण जुन्या वस्तूचं काय झालं ते विचारतो, जुन्या हातांचं काय झालं ते विचारत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर आवाजावरून इंजिनाचा दोष सांगितला, त्याच्या कानाला पन्नाशीत कोणतं नवं काम द्यायचं, याचं उत्तर कुठल्याच माहितीपुस्तिकेत नसतं. २००९ च्या डिसेंबरात कंपनीने स्कूटरचा धंदाच सोडायचं ठरवलं. निर्णय चिरंजीवांचा, आणि आपल्याला वाईट वाटल्याचं वडिलांनी, राहुल बजाजांनी, जाहीरपणे सांगितलं. कारखान्याच्या मालकाच्या घरात सुद्धा दोन तट असतात हे वाचून माझ्यासारख्याला केवढा धीर आला!

गंमत पुढेच आहे. दहा वर्षांनी, २०१९ च्या ऑक्टोबरात, चेतक पुन्हा आला. या वेळी विजेवर. २०२० च्या जानेवारीत पुणे आणि बंगळूर इथे विक्री सुरू झाली. घरच्या प्लगवर सुमारे पाच तास लावून ठेवायचा आणि ९५ किलोमीटर जायचं, असा वायदा. २०२१ च्या एप्रिलमध्ये नोंदणी पुन्हा उघडली आणि मागणी एवढी आली की अठ्ठेचाळीस तासांत बंद करावी लागली. हे वाचून माझा ऊर भरून आला. नंबर लावणं परत आलं होतं! आणि २०२२ च्या जूनमध्ये, राहुल बजाज गेल्यानंतर चार महिन्यांनी, त्यांच्या जन्मदिनी, त्याच आकुर्डीत विजेच्या चेतकचा कारखाना सुरू झाला. शेजारपाजारच्या नव्याजुन्यांनाही जाग आली. २०२४ साली लूनाही विजेवर आली.

आमच्याकडेही चिरंजीवांनी विजेची एक स्कूटर आणली आहे. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. चालते छान. आवाज नाही, धूर नाही, मागे सुद्धा जाते. पण तिच्यात घासायला प्लग नाही, ओढायला चोक नाही आणि कलती करून काही उपयोग नाही. ती आपली प्रकृती मला सांगत नाही, चिरंजीवांच्या मोबाइलला सांगते. रात्रीतून तिच्यात काहीतरी सुधारणा होतात आणि सकाळी ती कालची राहत नाही. पूर्वी वस्तू दहा वर्षांनी यायची, पण आली की दहा दिवसांत घरची व्हायची. आता दहा दिवसांत येते आणि दहा वर्षं पाहुणीच राहते. माझी तक्रार वेगाबद्दल नाही. तक्रार एवढीच की मला एक झाकण हवं आहे, जे उघडून आत डोकावता येईल, आणि आत डोकावल्यावर थोडं तरी कळेल. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकलाही तेच झाकण हवं आहे. त्याचं तर त्यावर पोट आहे.

म्हणून माझी या पट्ट्यातल्या सगळ्या कारखानदारांना एक नम्र सूचना आहे. दास्कानियोचं उदाहरण समोर ठेवून प्रत्येकाने आपल्याकडे एक नाखूष माणूस पगारावर नेमावा. नवीन यंत्राचा आराखडा झाला की तो आधी त्याच्यापुढे ठेवावा. तो म्हणेल, हे नको, ते कशाला, यात हात कुठून घालायचा? त्याची यादी करावी आणि एकेक तक्रार मिटवावी. उमेदवार शोधायला लांब जायची गरज नाही. अनुभव पन्नास वर्षांचा आहे, पगाराची अपेक्षा माफक आहे. फक्त गुरुवारी मी येणार नाही.