दाराआडची कुळकथा

“मावशी, हेडफोन लाव. आणि दिवा बंद कर.” भाचीने दोन हुकूम सोडले आणि लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला.

२०१३ सालची गोष्ट. बहिणीची लेक तेव्हा इंग्लंडात लेस्टरला ए-लेव्हलच्या वर्गात मीडिया स्टडीज शिकत होती. ओसीआर या परीक्षा मंडळाच्या अभ्यासक्रमात एक मजेशीर काम होतं : नसलेल्या चित्रपटाचा ट्रेलर करायचा. चित्रपट करायचाच नाही. नुसती झलक, आणि जोडीला पोस्टर, सिनेमासिकाचं मुखपृष्ठ असलं काहीबाही. तिच्या गटाने भयपट निवडला होता. बहुतेक गट तोच निवडतात, असं ती म्हणाली, आणि कारण उघड आहे. विनोदाला टायमिंग लागतं, प्रेमकथेत वर्गातल्या मुलाचा हात धरावा लागतो. भयपटाला लागणारा अंधार फुकट मिळतो आणि किंचाळणारी एक मैत्रीण प्रत्येकीला असतेच.

पावणेदोन मिनिटांचा ऐवज होता. आधी एक हिरवी पाटी. मग नव्या घरात सामानाची खोकी उघडणारी हसरी मुलगी. जिन्यावर पावलं. कुठूनतरी ओढलेल्या, संथ सुरात अंगाई. काळा पडदा, त्यावर एकेक सुटा शब्द. एक दार किलकिलं होतं, पण आतलं काही दिसत नाही. मग धावाधाव. कॅमेरा हिंदकळतो, दृश्यं इतकी भराभर येतात की काय पाहिलं ते कळू नये. चित्रपटाचं नाव. शांतता. संपलं म्हणून आपण सैल होतो, आणि कपाटातून हात बाहेर येतो.

मी दचकले. भाची खूश. सावरल्यावर मी विचारलं, “ती हिरवी पाटी कशाला गं?”

“असतेच ना, मावशी.”

संकेत म्हणजे काय याची इतकी नेमकी व्याख्या मी कुठल्या समीक्षकाकडूनही ऐकलेली नाही. परीक्षकांचं मात्र एवढ्यावर भागत नव्हतं. ट्रेलर झाला की मुलांनी लेखी सांगायचं होतं की या प्रकारातले रूढ संकेत तुम्ही कुठे वापरले, कुठे पुढे नेले, कुठे मोडले. भाचीने पानंच्या पानं भरली होती. त्यात फक्त हे संकेत आले कुठून, एवढंच नव्हतं. तिला कुणी ते विचारलंही नव्हतं. गंमत अशी की ते कुणी समिती बसवून ठरवलेले नाहीत. एकेकाच्या मुळाशी गेलं की तिथे कुणाची तरी अडचण सापडते, आणि अडचण बहुधा पैशाची.

हिरव्या पाटीची गोष्ट दोन ओळींची आहे. ती अमेरिकेतल्या चित्रपट-संघटनेची, ट्रेलर दाखवायला हरकत नाही अशी ग्वाही देणारी पाटी. ब्रिटनच्या थिएटरात तिच्या जागी तिथल्या मंडळाचं काळं प्रमाणपत्र येतं. म्हणजे भाची ट्रेलर शिकली ती लेस्टरच्या थिएटरात नव्हे, यूट्यूबवर. पहिल्याच पाटीने तिची गुरुपरंपरा सांगून टाकली होती.

ट्रेलर हा शब्दही असाच भलत्या जागी राहून गेलेला. आपल्याकडे उसाच्या ट्रॅक्टरमागे असतो तोच हा शब्द : मागून ओढत येणारा. १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये मार्कस लो यांच्या थिएटरांची जाहिरात सांभाळणाऱ्या निल्स ग्रॅनलंड याने ‘द प्लेझर सीकर्स’ या ब्रॉडवेवरच्या संगीत नाटकाच्या तालमींची छोटी फीत करून पडद्यावर दाखवली. ट्रेलरच्या इतिहासाची सुरुवात बहुतेक जण तिथून धरतात. म्हणजे पहिला ट्रेलर सिनेमाचा नव्हेच, नाटकाचा! अशा फिती चित्रपट संपल्यावर दाखवत, म्हणून ट्रेलर. पण चित्रपट संपला की लोक उठतात. तेव्हा शेपूट कापून तोंडाला लावली, नाव मात्र शेपटाचंच राहिलं.

आता जिन्यावरच्या पावलांकडे येऊ, कारण खरी कुळकथा इथे सुरू होते.

१९४२ साली हॉलिवूडची आरकेओ ही कंपनी डबघाईला आली होती. तिने व्हॅल ल्यूटन नावाच्या निर्मात्याला स्वस्तातले भयपट काढायला बसवलं. अटी अशा : खर्च दीड लाख डॉलरच्या आत, आणि नाव कंपनी देणार. पहिलं नाव हातात पडलं ‘कॅट पीपल’, मांजरमाणसं. ल्यूटनकडे ना राक्षसाचा पोशाख, ना मोठे नट. ऑर्सन वेल्सच्या चित्रपटासाठी उभारलेला भव्य जिना स्टुडिओत तसाच पडून होता, तो याने वापरून टाकला. बाईचं बिबट्यात रूपांतर होताना दाखवायचं तर ते हास्यास्पद दिसणार, हे त्याला आणि दिग्दर्शक जाक तूर्नर याला नीट कळत होतं. मग त्यांनी ते दाखवलंच नाही.

त्या चित्रपटात एक बाई रात्री बागेच्या कडेने चालली आहे. मागे दुसऱ्या बाईच्या टाचांचा आवाज. टक, टक, टक. मग मागचा आवाज थांबतो. पुढची घाबरते, पावलं उचलते, पळू लागते. आता झडप पडणार अशा क्षणी कानाशी जोरात फिस्सकन आवाज होतो, अगदी जनावर गुरकावल्यासारखा. पडद्यावर बस येऊन थांबते. तो ब्रेकचा आवाज. बाई बसमध्ये चढते, आणि खुर्चीतून उडालेले आपण खुर्चीत परत येतो. संकलक होता मार्क रॉबसन. त्यानंतर ल्यूटनच्या मंडळींत अशा प्रत्येक दचक्याला ‘बस’ असंच म्हणू लागले.

आधी ताणायचं, मग आवाज काढून घ्यायचा, मग भलत्याच निरुपद्रवी गोष्टीचा मोठा आवाज कानात ओतायचा. आजच्या प्रत्येक भय-ट्रेलरची ही बाराखडी आहे, आणि माझी भाची ‘कॅट पीपल’चं नावही न ऐकता ती अस्खलित लिहीत होती. तिची ‘बस’ म्हणजे स्वयंपाकघरातलं स्टीलचं ताट. ते जमिनीवर आपटून आवाज रेकॉर्ड केला, संगणकावर खाली ओढून जाड केला, आणि त्याच्या आधी तोच उलटा फिरवून लावला. उलटा आवाज चढत चढत जातो आणि कापल्यासारखा थांबतो. त्या थांबण्यात आपला श्वास अडकतो. ताट बहिणीच्या लग्नातलं होतं, त्याला पोचा आला, ही बाब लेखी उत्तरात नव्हती.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं आपण म्हणतो. ब्रह्मराक्षस परवडत नसेल तर नुसता भित्या दाखवावा, पाठीचं प्रेक्षक बघून घेतात. ल्यूटनने सगळं दुकान यावर चालवलं. आपल्याकडे रामसे बंधूंनीही काटकसर जाणली. १९७२ च्या ‘दो गज जमीन के नीचे’साठी अख्खं कुटुंब महाबळेश्वरला नेलं, एक भाऊ कॅमेऱ्यावर, एक आवाजावर, दोघे दिग्दर्शनाला. फक्त त्यांना ब्रह्मराक्षस दाखवल्याशिवाय चैन पडत नसे, आणि मुखवटा दिसला की माझ्यासारखीची भीती तिथेच ओसरते. हे माझं मत. रामसेभक्तांनी रागावू नये.

न दाखवण्याची ही कला चित्रपटातून ट्रेलरात आणली ती हिचकॉकने. ‘सायको’ (१९६०) त्याने टीव्ही मालिकेच्या तंत्रज्ञांना हाताशी धरून, कृष्णधवल आणि स्वस्तात केला होता. त्याचा ट्रेलर सहा मिनिटांहून लांब आहे, आणि त्यात चित्रपट जवळजवळ नाहीच! स्वतः हिचकॉक, एखादा घराचा दलाल गिऱ्हाइकाला जागा दाखवतो तसा, मोटेल आणि मागचं घर दाखवत फिरतो. इथे जिना, इथे अमुक झालं, असं म्हणता म्हणता मध्येच थांबतो. सांगवत नाही अशा थाटात तोंड वळवतो. शेवटी न्हाणीघरात येतो, पडदा सर्रकन ओढतो, आणि किंकाळी. किंचाळणारी बाई चित्रपटात त्या न्हाणीघरात दिसणारी जॅनेट ली नव्हे, केसांचा टोप घातलेली व्हेरा माइल्स आहे. चित्रपटातला सगळ्यात गाजलेला क्षण ट्रेलरात खोटा आहे आणि कुणाचंही काही अडलं नाही. भाचीच्या ट्रेलरातलं किलकिलं दार मला या घराच्या मागच्या अंगणातलं वाटतं.

विद्यार्थी आणि भयपट यांचं नातं मात्र आणखी जवळचं आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात सत्तरीच्या सुरुवातीला जॉन कार्पेंटर आणि डॅन ओबॅनन या दोन विद्यार्थ्यांनी ‘डार्क स्टार’ नावाचा अंतराळपट करायला घेतला. परग्रहावरचा प्राणी हवा होता, पैसे नव्हते. त्यांनी समुद्रकिनाऱ्यावर खेळतात तो हवेचा चेंडू रंगवला, त्याला पंजे लावले आणि तो यानात उड्या मारत सोडला. १९७४ साली तो थिएटरांत आला. चेंडूला कोण भिणार? पुढे ओबॅननने तोच प्रसंग, यानात शिरलेला परका प्राणी, विनोदातून भीतीत नेला आणि ‘एलियन’ (१९७९) लिहिला. त्याच्या ट्रेलरात संवाद नाही. काळ्या पोकळीत एक अंडं, त्याला तडा जातो, आतून उजेड. प्राणी नीटसा दिसतच नाही. चेंडूवरून धडा घेतला तो असा.

कार्पेंटरने १९७८ मध्ये ‘हॅलोवीन’ केला, सुमारे तीन लाख डॉलरांत. खुन्याला मुखवटा हवा म्हणून दुकानातून ‘स्टार ट्रेक’च्या कॅप्टन कर्कचा रबरी चेहरा आणला, डोळ्यांची भोकं मोठी केली आणि पांढरा फासला. कथा शरदातली, चित्रीकरण वसंतातलं. तेव्हा रंगवलेली पानं रस्त्यावर पसरायची आणि शॉट झाला की गोळा करून पुन्हा पोत्यात भरायची. संगीतकार परवडला नाही, म्हणून चाल स्वतःच बांधली, वडिलांनी लहानपणी शिकवलेल्या पाच मात्रांच्या तालात. त्या पाच मात्रांत पाऊल कुठेच नीट पडत नाही, चालणाऱ्याचा तोल सतत जातोय असं वाटत राहतं. वर्षानुवर्षं शाळकरी मुलं सिंथेसायझरवर दोन बोटांनी जे वाजवतात ते याचंच नातवंड.

हिंदकळता कॅमेरा कुणाचा, हे भाचीलाही ठाऊक होतं. मध्य फ्लोरिडा विद्यापीठात शिकलेल्या डॅनियल मायरिक आणि एद्वार्दो सांचेझ यांनी १९९७ च्या ऑक्टोबरात तीन नटांना मेरीलँडच्या रानात सोडलं आणि कॅमेरे त्यांच्याच हाती दिले. आठ दिवस नट स्वतःच चित्रण करत होते. १९९९ चा ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ हाच. रानात हरवलेली तीन पात्रं कोण, तर सिनेमाचेच विद्यार्थी! त्यामुळे प्रकाश कमी, फोकस चुकलेला, हात थरथरतोय, हे सगळे दोष गोष्टीचा पुरावा होऊन बसले. भूत शेवटपर्यंत दिसत नाही. चित्रपटाने जगभरात २४ कोटी डॉलरहून जास्त मिळवले. त्यानंतर जगातल्या कुठल्याही शाळेतल्या ट्रायपॉड नसलेल्या मुलांना सबब उरली नाही आणि गरजही.

एकेक शब्द फेकणारा काळा पडदा पाब्लो फेरोकडे जातो. १९६४ च्या ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’च्या ट्रेलरात त्याने शब्द आणि दृश्य आलटून पालटून बंदुकीच्या गोळ्यांसारखे सोडले. तो युद्धावरचा विनोदी चित्रपट. भीतीवाल्यांनी त्याची घाई मागाहून उचलली आणि शब्दांमधला काळोख वाढवला. आणि नावानंतर येणारा तो हात? तो ब्रायन डी पाल्माच्या ‘कॅरी’चा (१९७६). शेवटी थडग्यावर फुलं ठेवायला आलेल्या मुलीचं मनगट जमिनीतून आलेला हात धरतो. कॅरी झालेल्या सिसी स्पेसेकने तिथे दुसऱ्या कुणाचा हात वापरू दिला नाही, स्वतः खड्ड्यात उतरली. ते दृश्य स्वप्नासारखं वाटावं म्हणून फुलं आणणारी मुलगी उलटी चालली आणि फीत उलटी फिरवली. मागे रस्त्यावर एक मोटार मागे मागे जाताना दिसते. आज हात कपाटातून येवो की पलंगाखालून, मूळ पत्ता त्या थडग्याचा.

राहिली अंगाई. लेखी उत्तरात ‘मोडलेला संकेत’ म्हणून भाचीने तिचंच नाव लिहिलं होतं. बाकीच्या गटांनी इंग्रजी बडबडगीतं घेतली, हिने आजीकडून फोनवर रेकॉर्ड करून घेतलेली मराठी अंगाई घेतली आणि अर्ध्या वेगाने वाजवली. मला हा दावा पटला नाही. लहान मुलांचं गाणं भीतीला जुंपण्याची रीत इंग्लंडात जुनी आहे. १९६१ च्या ‘द इनोसंट्स’मध्ये कंपनीचं बोधचिन्ह यायच्याही आधी मिट्ट काळ्या पडद्यावर एक मुलगी गात असते, दुसरं काहीच नाही. म्हणजे संकेत मोडला नव्हता, फक्त भाषा बदलली होती. पण परिणाम दुपटीने झाला हे खरं. वर्गातल्या मुलांना शब्द कळेनात, त्यांना तो मंत्र वाटला, आणि एकीने हेडफोन काढून ठेवले. साताऱ्यात आजीने तोच ट्रेलर पाहिला तेव्हा ती हसत सुटली. माझा आवाज म्हशीसारखा केलाय गं, म्हणाली.

मी त्या रात्री ट्रेलर तीनदा पाहिला. तिसऱ्यांदाही किलकिल्या दाराशी पोटात गोळा आला, तेव्हा न राहवून विचारलं, “या दारामागे काय दाखवायचं ठरलं होतं?”

“काहीच नाही. आत बाबा आहेत.”

त्या खोलीच्या दाराची बिजागरी सैल होती. हात सोडला की दार आपोआप मिटायचं. म्हणून भावोजी ऑफिसातून आल्या आल्या, बूटसुद्धा न काढता, पाऊण तास आतून ते धरून उभे होते.