रात्रीच्या उपाहारगृहांचा परवाना : शहापूर व मुरबाड तालुक्यांतील जागा, वेळ आणि शब्द

रात्री उशिरापर्यंत अन्न विकणाऱ्यास परवानगी कोणी द्यावी, हा प्रश्न सामान्यतः शहराचा मानला जातो. मुंबईतील इराण्यांची हॉटेले व गिरणगावातील खानावळी हेच त्याचे परिचित विषय होत. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांत मात्र तो निराळ्या वाटेने आला. येथील रात्रीचे गिऱ्हाईक गावाने निर्माण केले नाही. ते रस्त्याने व रुळांनी आणून सोडले.

लोहमार्ग १८५५ मध्ये वाशिंदपर्यंत आणि १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत आला. थळ घाट ओलांडून इगतपुरी गाठण्यास १८६५ साल उजाडले. मधल्या काळात कसारा हे शेवटचे स्थानक असल्याने घाट चढण्यापूर्वी उतारूंना व गाडीवानांना तेथे थांबणे भाग होते. मुरबाडास रेल्वे लाभली नाही. तेथील वाहतूक कल्याणहून माळशेज घाटाने अहमदनगरकडे (आजच्या अहिल्यानगरकडे) जाणाऱ्या रस्त्याची. पुढे मालमोटारी आल्या, एस. टी. च्या ‘रातराणी’ गाड्या आल्या, आणि घाटाच्या पायथ्याशी मध्यरात्री चहा व भाकरी मिळणे ही चैन न राहता गरज ठरली.

या गरजेला कायद्याने दिलेली उत्तरे तीन असून ती परस्परांशी जुळत नाहीत. मुंबई दुकाने व संस्था अधिनियम, १९४८ याने उपाहारगृह पहाटे ५ पूर्वी उघडू नये व रात्री १२ नंतर गिऱ्हाइकांसाठी चालू ठेवू नये, असे ठरविले. हा कायदा नोकरांच्या श्रमाचे तास बांधण्यासाठी होता व त्याची अंमलबजावणी मुख्यतः स्थानिक संस्थांकडे होती. परंतु तो प्रथम नेमून दिलेल्या क्षेत्रांनाच लागू होता, इतर ठिकाणी अधिसूचनेने न्यावा लागे. दुसरे उत्तर १९५१ च्या पोलीस अधिनियमाचे. त्याने खाद्यगृहांसंबंधी नियम करून परवाने देण्याचा अधिकार शहरात पोलीस आयुक्तांस व अन्यत्र जिल्हा दंडाधिकाऱ्यांस दिला. तिसरे उत्तर १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचे. पंचायतीच्या कार्यसूचीत चहा, कॉफी व दूध यांच्या दुकानांचे नियमन येते, पण ते सार्वजनिक आरोग्याच्या सदरात. म्हणजे पंचायतीने पेला धुतला आहे की नाही ते पाहावे. तो कोणत्या प्रहरी भरला हे पाहण्याचे काम तिचे नव्हे. जागा गावाची, रात्र मात्र जिल्ह्याची, अशी ही वाटणी झाली. शहापूर व मुरबाड येथे पुढे नगरपंचायती स्थापन झाल्या. तथापि वेळेवरील अधिकार त्यामुळे त्यांच्याकडे आला असे म्हणता येत नाही.

शब्दांचा गोंधळ याहून मोठा आहे. दुकाने अधिनियमाखाली मिळते ती ‘नोंदणी’, पंचायत देते ते ‘ना हरकत’, पोलिसांकडून मिळे तो ‘परवाना’. लोकांच्या बोलण्यात तिन्हींना एकच शब्द आहे : ‘लायसन’. एक कागद हाती असला की धंदा कायदेशीर झाला, ही समजूत अज्ञानातून आलेली नाही, ती या एका शब्दातून आली आहे. पाट्यांवर सर्रास दिसणारे ‘उपहारगृह’ हे रूपही असेच. उप आणि आहार मिळून ‘उपाहार’ होतो. ‘उपहार’ म्हणजे भेटवस्तू. सरकारी कागदांतही ही चूक आढळते, तेव्हा दुकानदारास दोष देण्यात अर्थ नाही. मराठीत ‘हॉटेल’ म्हणजे बहुधा खाण्याची जागा, मुक्कामाची नव्हे. आणि मालमोटारवाल्यांबरोबर उत्तरेकडून आलेला ‘ढाबा’ हा शब्द वरील दोन्ही जुन्या अधिनियमांच्या व्याख्यांत नाही. ज्या व्यवसायावर महामार्गाची रात्र चालते त्याला त्याच्या रूढ नावाने कायदा ओळखतच नव्हता.

१९४८ च्या अधिनियमातील ‘दिवस’ या शब्दाची व्याख्या येथे मुद्दाम पाहण्याजोगी आहे. दिवस मध्यरात्रीपासून चोवीस तासांचा. पण ज्याचे काम मध्यरात्रीपलीकडे जाते त्याचा दिवस तो कामाला लागल्या वेळेपासून मोजावा. पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून, सरकारचा मध्यरात्रीपासून, आणि रात्री भांडी घासणाऱ्या पोऱ्याचा त्याच्या कामाच्या आरंभापासून. संपूर्ण अधिनियमात इतकी माणसाळलेली तरतूद क्वचितच सापडेल.

पुढील काळात ‘रात्र’ व ‘मद्य’ यांची कायद्याच्या भाषेत सांगड पडली. २००५ मध्ये नृत्यबंदीसाठी पोलीस अधिनियमात जे कलम घालण्यात आले त्यात खाद्यगृह, परमिट रूम व बिअर बार ही नावे एका ओळीत आली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती बंदी अवैध ठरविली, परंतु शब्दांची ती संगत सुटली नाही. डिसेंबर २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने महामार्गांपासून ५०० मीटरांच्या आत मद्यविक्रीस मनाई केली. अंतर मद्याचे मोजावयाचे होते. तरी रस्त्याकडेच्या प्रत्येक उजेडाकडे संशयाने पाहण्याची सवय अशा निर्णयांनी बळावली, असा तर्क करण्यास जागा आहे.

२०१७ च्या नव्या दुकाने अधिनियमाने चोवीस तास व्यवहारास वाट मोकळी केली. तरीही स्थानिक अधिकारी व पोलीस अडवितात अशा तक्रारी होत राहिल्या, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये शासनास निराळा निर्णय काढून सांगावे लागले की, मद्य पुरविणारी ठिकाणे वगळता दुकाने व उपाहारगृहे अहोरात्र उघडी ठेवता येतात. आठ वर्षांपूर्वी दिलेली मोकळीक पुन्हा द्यावी लागणे, हे मूळ शब्द खालपर्यंत पोहोचले नसल्याचेच लक्षण होय.

त्याच वर्षी जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा शहापूर तालुक्यातून खुला झाला. त्याच्या दोन्ही बाजू बंदिस्त असून कडेला कोणास टपरी घालता येत नाही. खाण्याच्या सोयी नेमून दिलेल्या जागीच. ‘लायसन’ कोणाकडून आणावयाचे, हा प्रश्न त्यामुळे जुन्या आग्रा रस्त्याच्या व माळशेजच्या वाटेवरील ढाबेवाल्यांपुरताच उरला आहे.